बाभूळ इथलीच आहे, नाव तेवढं ऑस्ट्रेलियाला गेलंय

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार वि. वि.

गेल्या रविवारी तुमच्या पुरवणीत रस्त्याकडेच्या झाडांवर अर्धं पान लेख आलाय. लेख चांगला आहे, फोटो तर फारच छान. पण बाभळीच्या फोटोखाली जी चौकट आहे तिच्यात छापलंय की बाभूळ म्हणजे अकेशिया, मूळची ऑस्ट्रेलियाची, इंग्रजांच्या काळात इकडे आली. साहेब, मी करमाळ्याकडचा माणूस, आमच्या बांधावर बाभळीशिवाय दुसरं झाड नाही म्हटलं तरी चालेल, आमची औतं बाभळीची, बैलगाडीची चाकं बाभळीची, आजोबा शेवटपर्यंत बाभळीच्याच काडीनं दात घासायचे, आणि ती ऑस्ट्रेलियाची? चहा तसाच गार झाला.

लेख लिहिणाऱ्यावर राग नाही हे आधीच सांगतो, कारण ही चूक कशी झाली असेल याचा मला अंदाज आहे. त्यांनी एखाद्या जुन्या पुस्तकातून बाभळीचं शास्त्रीय नाव उचललं असणार, अकेशिया निलोटिका, मग मोबाईलवर नुसतं अकेशिया टाकून बघितलं असणार आणि तिथं आलं असणार की या अकेशियाच्या हजारेक जाती आणि जवळपास सगळ्या ऑस्ट्रेलियातल्या. दोन्ही गोष्टी आपापल्या जागी खऱ्या आहेत, पण एकमेकींना जोडल्या की खोटं तयार होतं. हे असं का होतं ते जरा सविस्तर लिहितो. मोबाईलवर टाईप करतोय त्यामुळे शुद्धलेखन सांभाळून घ्या आणि पत्र लांबलं तर कापा, पण बाभळीचा भाग कापू नका.

मी तालुक्याच्या कॉलेजात बॉटनी डिपार्टमेंटला ३१ वर्षं लॅब असिस्टंट होतो. डिग्री वगैरे काही नाही, बारावीवर लागलो. माझं काम म्हणजे सूक्ष्मदर्शक पुसणे, स्लाईड धुणे, सरांबरोबर टूरवर जाणे आणि परत आल्यावर हर्बेरियम करणे. आता हर्बेरियम म्हणजे काय तर झाडाची फुलाफळासकट डहाळी आणायची, वर्तमानपत्रात पसरून ठेवायची, वर फळ्या लावून पट्ट्यानं आवळायची, रोज कागद बदलायचा, आठ पंधरा दिवसात डहाळी कडक वाळली की जाड पांढऱ्या कागदावर चिकटवायची. कागदाचं माप ठरलेलं, साधारण ४२ सेंटीमीटर बाय २८. उजव्या कोपऱ्यात खाली लेबल, त्यावर नाव, कूळ, कुठं सापडलं, कधी, कोणी आणलं. तुमचाच पेपर आम्ही वापरायचो बरं का, रद्दीतला, कारण त्याचा कागद पाणी चांगलं ओढतो. म्हणजे तुमचा माझा संबंध वाचकापेक्षा जुना आहे.

बाभूळ दाबणं हे फार त्रासाचं काम. एक तर काटे, पांढरे, जोडीजोडीनं, बोटभर लांब, ते पेपरची आठ दहा पानं भोसकून खालच्या झाडापर्यंत जातात. दुसरं म्हणजे वाळताना पानं गळतात, ती बारीक बारीक दलं सगळी पेपरात सांडतात आणि हातात नुसती काडी उरते. आमचे पहिले सर डहाळी आधी उकळत्या पाण्यात बुडवून काढायला लावायचे, मग दलं जरा धरून राहतात. आणि चिकटवायला त्या काळात फेविकॉल परवडायचा नाही म्हणून डिंक भिजत घालायचा, किडे लागू नयेत म्हणून त्यात चिमूटभर मोरचूद. डिंक कशाचा तर बाभळीचा. म्हणजे बाभळीनंच बाभूळ चिकटवली.

तर त्या बाभळीच्या शीटवर आज तीन नावं आहेत आणि माझं सगळं म्हणणं त्या एका शीटवरच आहे. शीटवरचं नाव बदललं तर जुनं लेबल खोडायचं नाही, फाडायचं नाही, त्याच्या शेजारी नवीन नावाची बारीक चिठ्ठी चिकटवायची, तारखेसकट, हा नियम. मूळ लेबल मी येण्याआधीचं, टाकाच्या निबानं लिहिलेलं, त्यावर अकेशिया अरेबिका. थिओडोर कुक नावाचे साहेब होते, पुण्याच्या सायन्स कॉलेजचे प्रिन्सिपॉल, त्यांनी मुंबई इलाख्यातल्या सगळ्या झाडांचं पुस्तक केलं, १९०१ ते १९०८ या काळात भागाभागानं निघालं, आमचे सर त्याला नुसतं कुक म्हणायचे, कुक काढ रे. कुकमध्ये बाभूळ अकेशिया अरेबिका आहे. आयुर्वेदिक दंतमंजनाच्या डब्यांवर तुम्हाला हेच नाव अजून दिसेल. दुसरी चिठ्ठी माझ्या हातची, अकेशिया निलोटिका. आणि तिसरी मी रिटायर व्हायच्या वर्षी लावली, वॅचेलिया निलोटिका.

लोक म्हणतात शास्त्रज्ञांना कामधंदा नाही, उगाच नावं बदलत बसतात. मीही म्हणायचो, कारण चिठ्ठ्या मलाच लिहायला लागायच्या. पण त्यात एक कायदा आहे, आणि तो मला आमच्या तलाठ्याच्या फेरफारापेक्षा बरा वाटतो. झाडाला दोन शब्दांचं नाव द्यायची पद्धत स्वीडनच्या लिनियसनं सगळ्या झाडांना एकसारखी लावली ते त्याचं पुस्तक १७५३ चं, आणि सगळ्या जगानं ठरवलंय की १ मे १७५३ च्या मागं कुणी जायचं नाही, नोंदी तिथून सुरू. त्यानंतर ज्यानं आधी नोंद केली त्याचं नाव खरं. पहिला शब्द आडनावासारखा, दुसरा स्वतःचा, फक्त आपल्या उलट्या क्रमानं. लिनियसनं बाभळीला १७५३ ला मिमोसा निलोटिका म्हटलं होतं, लाजाळू, देवबाभूळ, बाभूळ असली बारीक पानांची मंडळी त्यानं मिमोसात कोंबलेली. निलोटिका म्हणजे नाईल नदीकाठची, कारण त्याला ती इजिप्तची म्हणून माहीत. नंतर ती अकेशियात गेली, आता वॅचेलियात. आडनाव दोनदा बदललं पण निलोटिका १७५३ पासून तेच आहे, ते तिच्याबरोबर फिरतं. अरेबिका मागं पडलं ते याच कायद्यानं, कारण निलोटिका त्याच्या आधीचं निघालं. आणि मोठ्या पुस्तकात या नावाच्या मागं कंसात एक नुसतं एल. असतं, ते लिनियसचं, पहिलं नाव ठेवणाऱ्याचं. खैराच्या मागं एल. एफ. असतं. मी कितीतरी वर्षं ती छापायची चूक समजत होतो, मग सरांनी सांगितलं अरे तो लिनियसचा पोरगा, एफ म्हणजे लॅटिनमध्ये मुलगा. बापाची झाडं लेकानं पुढं चालवली.

आता आडनाव बदलायचं कारण. अकेशिया हा शब्द ग्रीक, काट्याच्या शब्दावरून आलेला, इजिप्तच्या काटेरी झाडाला पहिल्या शतकातला ग्रीक वैद्य डायोस्कोरिडीस हेच म्हणायचा. ते झाड म्हणजे बाभूळच. लंडनच्या चेल्सी बागेचा मुख्य माळी फिलिप मिलर, त्यानं १७५४ ला मिमोसातून काढून अकेशिया वेगळं केलं. मग जगभर जिथं जिथं तसल्या पिवळ्या पिवळ्या फुलांचं झाड सापडलं ते अकेशियात टाकत गेले, आफ्रिकेतलं, अमेरिकेतलं, ऑस्ट्रेलियातलं, होता होता तेराशेच्या वर जाती झाल्या. नंतर डीएनए बघायला लागले तेव्हा कळलं की हे एक घर नाहीच, ही चाळ आहे. बाभळीचं घर वेगळं, खैराचं वेगळं, ऑस्ट्रेलियावाल्यांचं वेगळं, अमेरिकेतली अजून दोन बारकी घरं वेगळी.

खरं सांगायचं तर डीएनए नसतं तरी आमच्या गुराख्यानं हे सांगितलं असतं. बाभळीचा काटा सरळ, टोचतो आणि निघतो. खैराचा काटा वाकडा, मांजराच्या नखासारखा, सदरा धरला की सदरा फाटेल पण काटा सोडणार नाही. बाभळीचं फूल गोल, पिवळा गोंडा, खैराचं कणसासारखं लांबट आणि पांढुरकं. आणि ऑस्ट्रेलियाच्या बहुतेकांना काटाच नाही. शास्त्रज्ञांनी आधी हे बघून गट पाडलेच होते, पण घर एकच आहे असं धरून.

तर वाटणी करायची ठरली. वाटणीत जुनं नाव कोणाकडे जाणार याचा पण कायदा आहे आणि तो मला सगळ्यात आवडतो. प्रत्येक नाव कुठंतरी एका वाळलेल्या शीटला किंवा चित्राला बांधलेलं असतं, त्याला टाईप म्हणतात. आडनाव एका जातीला बांधलेलं, जातीचं नाव एका शीटला. जसं वाड्याची वाटणी झाली की देव्हारा ज्या भावाच्या खोलीत त्याच्याकडे कुळाचार राहतो, बाकीच्यांनी आपापलं नवीन मांडायचं. अकेशियाचा देव्हारा होता बाभळीच्या घरात. म्हणजे सरळ हिशोबानं बाभूळ अकेशिया राहायला पाहिजे होती आणि ऑस्ट्रेलियावाल्यांनी नवीन नाव घ्यायचं होतं, नावही तयार होतं, रॅकोस्पर्मा.

इथं घोटाळा झाला. घोटाळा म्हणजे भ्रष्टाचार नव्हे, मतदान. ऑस्ट्रेलियावाले म्हणाले आमची हजारेक झाडं, तुमच्या बाभळीच्या घरात दीडशेच्या आसपास, तुमच्यासाठी आम्ही हजार नावं बदलायची का? शिवाय त्यांचं राष्ट्रीय फूल अकेशियातलंच, गोल्डन वॉटल, त्यांच्या क्रिकेट टीमचा तो हिरवा पिवळा रंग बघा, तो वॉटलचाच. २००३ ला त्यांनी रीतसर अर्ज केला की देव्हारा हलवा, टाईप म्हणून आमची एक जात धरा. असा अर्ज करता येतो, कायद्यातच सोय आहे, फार गोंधळ होणार असेल तर अपवाद म्हणून. कमिटीनं हो म्हटलं. २००५ ला व्हिएन्नाला जागतिक बॉटनी काँग्रेसमध्ये मतदान झालं आणि त्यात ५४.९ टक्के लोक म्हणाले नाही, हलवू नका. तरी हलला. कारण कमिटीचा निर्णय फिरवायला ६० टक्के लागत होते. आफ्रिकेतले लोक खूप चिडले, त्यांची ती छत्रीसारखी झाडं, ज्याच्याखाली जिराफ उभा असतो, ती पण अकेशियाच होती. सहा वर्षांनी पुढची काँग्रेस, तिथं परत भांडण, पण शिक्कामोर्तब होऊन गेलं. आणि ती काँग्रेस होती कुठं तर मेलबर्नला. घरच्या मैदानावर.

मला हे सगळं आमच्या नंतरच्या मॅडमनी सांगितलं, मी तिसरी चिठ्ठी लिहित असताना. मी विचारलं मग हे वॅचेलिया कोण? तर वॅचेल नावाचे एक पाद्री होते, ईस्ट इंडिया कंपनीचे, चीनमध्ये, त्यांना झाडं गोळा करायचा नाद, त्यांच्या नावानं वाइट आणि आर्नॉट या दोघांनी १८३४ ला देवबाभळीसाठी हे आडनाव केलेलं, ते पडून होतं. बाभळीचं आणि देवबाभळीचं घर एक निघालं म्हणून ते बाभळीला लागलं. हिवरालाही तेच. खैर आणि शिकेकाई गेले सेनेगालियात, सेनेगल देशावरून. म्हणजे नाईलकाठचं नाव, चीनमधल्या पाद्र्याचं आडनाव, आणि उभी आहे आमच्या ओढ्याला.

हिशोबानं बघितलं तर हजारपेक्षा दीडशे नावं बदलणं सोपं, ते मला पटतं. पण ज्या शब्दाचा अर्थच काटा, तो शब्द काटेरी झाडाकडून काढून बिनकाट्याच्या झाडांना दिला, हे काही पटत नाही. आणि याचा कडेलोट बघायचा असेल तर कोकणात जा. सामाजिक वनीकरणात लावलेली ती झाडं, लांब लांब कोयत्यासारखी पानं, शेंगा पिळलेल्या, कानासारख्या, म्हणून नाव अकेशिया ऑरिक्युलिफॉर्मिस, कानाच्या आकाराची. लोक तिला ऑस्ट्रेलियन बाभूळ म्हणतात, नाहीतर नुसतं अकेशिया. ती खरीच तिकडची, उत्तर ऑस्ट्रेलिया आणि न्यू गिनीकडची. तिचं जे पान दिसतं ते पान नाहीच, पानाचा देठ पसरट झालेला आहे. विश्वास बसत नसेल तर नर्सरीत बोटभर उंचीचं रोप बघा, पहिली दोन चार पानं अगदी बाभळीसारखी बारीक दलांची येतात, मग त्याच पानाचा देठ रुंद व्हायला लागतो, एखाद्या पानावर खाली पट्टी आणि टोकाला बारीक दलं असं अर्धं अर्धं पण दिसतं, मग दलं जातात आणि नुसती पट्टी राहते. मुलांना दाखवायला याच्यासारखी गोष्ट नाही. तर तुमच्या चौकटीतला मजकूर या झाडाला बऱ्यापैकी बसला असता. मजकूर हिचा आणि फोटो बाभळीचा.

कायदा सरळ चालला तर काय होतं त्याचं उदाहरण पण आपल्याच बांधावर आहे. वेडी बाभूळ, जी नदीपात्रात आणि गायरानात माजलीय, ती आणि दसऱ्याची शमी, दोन्हीचं आडनाव एकच होतं, प्रोसोपिस. २०२२ ला त्या घराची वाटणी झाली. देव्हारा होता शमीकडे, त्यामुळे शमी प्रोसोपिसच राहिली आणि वेडी बाभूळ झाली नेल्टुमा. कुणी अर्ज बिर्ज मंजूर करून घेतला नाही. पिढ्यानपिढ्या पुजलेल्या झाडाकडं नाव राहिलं आणि बाहेरून आलेलीला नवीन मिळालं, मला तर बरंच वाटलं, शास्त्राचा त्यात काही संबंध नाही तरीही.

धावड्याची गंमत अजून वेगळी. डिंकाच्या लाडवातला जो डिंक तो बऱ्याचदा धावड्याचा. त्याचं नाव होतं अनोगायसस लॅटिफोलिया, लॅटिफोलिया म्हणजे रुंद पानाचा. डीएनएवरून कळलं की तो ऐन, अर्जुन, हिरडा, बेहडा यांच्या घरातलाच, म्हणून टर्मिनालियात घ्यायचं ठरलं. नियमानं दुसरा शब्द बरोबर न्यायचा, टर्मिनालिया लॅटिफोलिया व्हायला पाहिजे. पण त्या घरात त्या नावाचं एक झाड आधीपासूनच होतं. एका नावाची दोन झाडं चालत नाहीत. आपल्याकडे पूर्वी नवरी सासरी आली आणि तिथं त्याच नावाची जाऊ असली की तांदळात दुसरं नाव लिहायचे, तसं झालं, २०१७ पासून धावडा टर्मिनालिया अनोगायसियाना आहे. माहेरचं आडनावच नाव करून टाकलं. हे मी घरी सांगितलं तेव्हा आमच्या मंडळी म्हणाल्या, निदान त्याला माहेर तरी ठेवू दिलं.

बाकी आपली लोकं पण वर्गीकरण करतातच की. बारीक पान, काटा किंवा शेंग दिसली की बाभूळ म्हणायचं आणि पुढं एक शब्द लावायचा. देवबाभूळ, वेडी बाभूळ, सुबाभूळ, ऑस्ट्रेलियन बाभूळ. यातली देवबाभूळ तेवढी खरी नात्यातली, आणि ती सुद्धा मूळ अमेरिकेतली, सुबाभूळ मेक्सिकोकडची आणि लांबची. पण पद्धत बघा, घर आणि मग नाव, लिनियसचीच. रामकाठी बाभूळ म्हणून एक असते, सरळसोट वाढते, फांद्या अंगाला चिकटून, दुरून सुरूसारखी दिसते, शेतकरी ती वेगळी ओळखायचा आणि बांधावर मुद्दाम ठेवायचा कारण सावली कमी पडते, पिकाला त्रास नाही. पुस्तकात तिला वेगळा प्रकार म्हणून नाव आहे क्युप्रेसिफॉर्मिस, म्हणजे सुरूसारखी दिसणारी. रामकाठी हा शब्द त्याच्यापेक्षा किती सुटसुटीत आहे.

पण नुसत्या मराठी नावावर विसंबलं तर काय होतं ते पण सांगतो, नाहीतर कोणी म्हणेल मग लॅटिन हवंच कशाला. आमच्या टूरवर खानदेशातला एक मुलगा होता आणि सर म्हणाले उद्या महाबळेश्वरला अंजन बघू. त्याला वाटलं त्याच्या गावाकडचं ते मोठं झाड, जोडपानाचं, लाकूड लोखंडासारखं. तिथं गेल्यावर सरांनी दाखवलं ते बुटकं, फांदीला चिकटून निळी जांभळी फुलं आलेलं झाड. पोरगं भांडायला लागलं, हे अंजन नाहीच. दोघंही बरोबर होते. खानदेशातलं हार्डविकिया बायनाटा, महाबळेश्वरचं मेमेसिलॉन. कूळ सुद्धा वेगळं. दोन्हीला लोक अंजन म्हणतात, कोणाला चूक म्हणणार?

तेवढ्यावरून आठवलं, तुमच्या पेपरात नेहमी येतं की अमुक घाटात नवीन प्रजाती सापडली. शाळेच्या पुस्तकात स्पीशीजला जाती म्हणतात आणि प्रजाती म्हणजे जीनस, आडनाव. नवीन जाती सापडणं ही आनंदाची बातमी आहे, सह्याद्रीत अजूनही सापडतात, कंदीलपुष्पाच्या तर किती सापडल्या. पण नवीन प्रजाती सापडली म्हणजे अख्खं नवीन घराणंच सापडलं, ते फार क्वचित होतं. जाती शब्द लिहायला अवघडल्यासारखं होत असेल हे मी समजू शकतो, पण शब्द तोच आहे, काय करणार.

आता पत्र लिहिण्याचं खरं कारण. माझी नात सातवीत आहे, तिला शाळेत परिसरातल्या दहा झाडांचा प्रोजेक्ट होता. तिनं माझ्याकडून बाभळीचं नाव घेतलं, वॅचेलिया निलोटिका, छान अक्षरात लिहिलं, मण्यांच्या माळेसारखी शेंग पण चिकटवली, बोट फिरवलं तर मखमल लागते तशी. शाळेत त्यावर लाल फुली आली, बाजूला लिहिलं अकेशिया. मार्क गेला एकच, ती काही फार मोठी गोष्ट नाही, बाईंच्या हातातलं पुस्तक जुनं होतं. पण रविवारी तुमची पुरवणी आली आणि तिनं ती माझ्यासमोर धरली, म्हणाली आजोबा, बाई बरोबर होत्या, पेपरात पण अकेशियाच आहे, आणि बाभूळ आपली नाहीच, ऑस्ट्रेलियाची आहे. मी ३१ वर्षांचा अनुभव सांगितला. ती म्हणाली, पण पेपरात आलंय.

तर एवढीच विनंती की एक छोटी दुरुस्ती छापा, आतल्या पानावर छापली तरी चालेल. बाभूळ आफ्रिका, अरबस्तान आणि भारत इथलीच, भारतातल्या पोटजातीला तर इंडिकाच म्हणतात, नवीन नाव वॅचेलिया निलोटिका, जुनं नाव अकेशिया निलोटिका, दोन्ही एकाच ओळीत द्या, कारण जुनी पुस्तकं काही कोणी जाळणार नाही आणि मुलांना दोन्हीकडे शोधता आलं पाहिजे. कात्रण मी नातीला शाळेत न्यायला सांगणार आहे. मार्क नको म्हणते ती, पण फुली खोडून पाहिजे.

कळावे,
आपला जुना वाचक
(निवृत्त लॅब असिस्टंट), करमाळा तालुका, जि. सोलापूर

ता. क. पुरवणीचं ते पान मी टाकलेलं नाही. हिवराची एक डहाळी फुलावर आलीय, ती त्यातच दाबायला ठेवली होती, पण पुरवणीचा कागद गुळगुळीत, पाणी ओढत नाही, दोन दिवसात पानं काळी पडली. मग आतला साधा पेपर घेतला. तो अजून चांगला आहे.